सरकारदरबारी तुम्ही नेमके कोण? (व्यवसायांचं वर्गीकरण आणि त्यातल्या भानगडी)

कोष्टक

बेरोजगारीच्या धाग्यावर अवांतर फार झालं, म्हणून हा वेगळा धागा. तिथे एकाने विचारलं होतं की काही देशांच्या आकडेवारीत 'व्यवस्थापक' मध्येच एका वर्षी धाडकन कमी कसे झाले, सगळ्यांना नारळ दिला की काय? नारळ कुणालाच दिला नव्हता. मंडळी होती तिथेच होती, फक्त त्यांचा रकाना बदलला. त्यावर येतोच, पण आधी मुळापासून.

पाहण्यांमध्ये लोकांनी दिलेल्या उत्तरांना संकेतांक लावण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. आमच्यात त्याला कोडिंगच म्हणतात, संगणकवाल्यांनी रागावू नये. कामाबद्दल तीन वेगळे प्रश्न असतात आणि लोक ते हमखास एकमेकांत मिसळतात. तुम्ही काय करता, हा व्यवसाय. तुम्ही जिथे काम करता तिथे काय बनतं किंवा कोणती सेवा मिळते, हा उद्योग. आणि तुम्ही नोकर, मालक, स्वयंरोजगारी की घरच्या धंद्यात बिनपगारी मदतनीस, हा दर्जा. हा धागा पहिल्या प्रश्नाचा.

बहुतेक देशांची वर्गीकरणं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या (आयएलओ) साच्यावर बेतलेली किंवा निदान त्याच्याशी जुळवून घेतलेली असतात. हा साचा म्हणजे आयएससीओ, बोलताना 'इस्को'. आवृत्त्या १९५८, १९६८, १९८८ आणि २००८ च्या. सध्याच्या आवृत्तीत १० मोठे गट, त्यांच्या पोटात ४३, त्यांच्या पोटात १३० आणि सगळ्यात खाली ४३६ एकक गट. संकेतांक डावीकडून वाचायचा. २ म्हणजे व्यावसायिक तज्ज्ञ, २२ म्हणजे त्यातले आरोग्यवाले, २२२ परिचर्या आणि प्रसूती, २२२१ परिचारिका. एकेक अंक वाढला की भिंग एकेक इंच खाली येतं.

गट पाडताना दोन गोष्टी बघतात: कामाला कौशल्य किती लागतं (चार पातळ्या आहेत) आणि कोणत्या प्रकारचं लागतं. इथे 'कामाला' हा शब्द अधोरेखित करा. माणसाच्या अंगी काय आहे ते कुणी विचारत नाही. स्थापत्य अभियंता टॅक्सी चालवत असेल तर तो ८३२२, मोटार-टॅक्सी चालक. त्याची पदवी शिक्षणाच्या रकान्यात दिसेल. हे दोन रकाने शेजारी ठेवले की 'शिक्षण जास्त, काम कमी' असे किती लोक आहेत ते निघतं.

---

तिरकस

धागा आवडला. एक मूलभूत शंका: ज्योतिषी कुठे बसतात? तज्ज्ञांत की व्यवस्थापकांत? भविष्याचं व्यवस्थापन ते करतात म्हणून विचारलं.

---

कोष्टक

५१६१. वैयक्तिक सेवा, गट ५. त्यांचं भविष्य खरं ठरतं का याच्याशी वर्गीकरणाला कर्तव्य नाही. कुणीतरी पैसे घेऊन ते काम करतं एवढं पुरे.

---

अनुस्वार

पण प्रत्यक्षात हे होतं कसं? प्रगणक दारात उभा राहून ४३६ पर्याय वाचून दाखवतो का?

---

कोष्टक

नाही. तो फक्त लिहून घेतो, आणि तिथेच निम्मं काम बिघडतं किंवा साधतं. अर्जावर 'शिवणकाम' एवढंच आलं तर माझ्यासमोर निदान तीन दारं उघडी असतात. खालच्या ओळीत 'मुख्य कामं' असा रकाना असतो. तिथे 'माप घेणे, बेतणे, शिवणे' असं असेल तर तो शिंपी, ७५३१, कारागिरांच्या गटात. 'मशीनवर कॉलर जोडणे' असेल तर ८१५३, शिलाई मशीन चालक, म्हणजे यंत्र चालवणाऱ्यांच्या गट ८ मध्ये. 'भरतकाम' असेल तर ७५३३. तिघांच्याही हातात सुई-दोराच, पण पहिल्या दोघांचा पहिला अंकच बदलला. आणि त्या रकान्यात पुन्हा 'शिवणकाम'च लिहिलेलं असेल तर कपाळावर हात.

'कारखान्यात कामाला', 'ऑफिसात', 'प्रायव्हेट' ही उत्तरं निरुपयोगी. 'सुपरवायझर' त्याहून वाईट, कारण ते उत्तर भरीव वाटतं आणि आत काही नसतं. कशाचा सुपरवायझर? 'कन्सल्टंट'बद्दल तर न बोललेलंच बरं.

एकच माणूस अनेक कामं करत असेल तर त्यालाही नियम आहेत. कामं वेगवेगळ्या पातळीची असतील तर जास्त कौशल्याचं काम धरायचं. बनवणं आणि विकणं दोन्ही करत असेल तर बनवण्याला मान. स्वतः पाव भाजून स्वतःच विकणारा बेकर ठरतो, विक्रेता नाही.

---

मेघवेडी

घर सांभाळणाऱ्या बाईचा संकेतांक काय? सकाळपासून रात्रीपर्यंत तिने केलेल्या प्रत्येक कामाला तुमच्या यादीत पगारी जोडीदार सापडेल. स्वयंपाकी, सफाई, बालसंगोपन, रुग्णसेवा. तीच कामं दुसऱ्याच्या घरी केली की आकडा, आपल्या घरी केली की शून्य?

---

जुनं_खोड

याचा इतिहास मजेशीर आहे, म्हणजे चीड आणणारा मजेशीर. इंग्लंड-वेल्सच्या १८५१ च्या जनगणनेत विल्यम फार यांनी व्यवसायांचे १७ वर्ग पाडले. त्यांच्या मांडणीत पत्नी, माता, गृहिणी यांना वर्गीकरणात स्वतःची जागा होती. पुढच्या काही जनगणनांत ती टिकली. १८८१ मध्ये या बायकांना उचलून 'व्यवसाय नसलेले' या कप्प्यात टाकलं. चूल तीच, मूल तेच, कार्यालयातला तक्ता बदलला आणि लाखो बायका एका फटक्यात बिनकामाच्या झाल्या.

अमेरिकेतही तोच काळ. १८७० च्या प्रगणकांना सूचना होती की स्वतःच्या कुटुंबाचं घर चालवणाऱ्या बाईपुढे 'घर सांभाळते' असं लिहा, आणि 'हाउसकीपर' हा शब्द पगार घेणाऱ्या बाईसाठी राखून ठेवा. फरक फक्त पगाराचा.

---

कोष्टक

जुनं_खोड यांना दाद. मेघवेडी, सरळ उत्तर असं की व्यवसायाचा संकेतांक फक्त 'रोजगारात' असलेल्यांना मिळतो. आधी तुम्ही रोजगारात आहात का ते ठरतं, मग कोणता व्यवसाय ते. गृहिणी पहिल्याच दारावर अडते.

भारतातल्या पीएलएफएस पाहणीत (सरकारची नियतकालिक श्रमशक्ती पाहणी) हे दार दोन अंकी संकेतांकांचं आहे. स्वतःचा धंदा ११, मालक १२, घरच्या धंद्यात बिनपगारी मदत २१, नियमित पगारी ३१. फक्त घरकाम असेल तर ९२. घरकाम करून शिवाय घरच्या वापरासाठी जळण गोळा करणं, शिवण-टिपण, विणकाम वगैरे असेल तर ९३. ९२ आणि ९३ श्रमशक्तीच्या बाहेर, त्यांना व्यवसायाचा संकेतांक नाही. खरी मेख २१ आणि ९२ यांच्यामध्ये आहे. घरच्या दुकानात किंवा शेतात राबणारी बाई 'मी काही करत नाही, घरीच असते' म्हणाली आणि प्रगणकाने पुढचा प्रश्न विचारला नाही, की ती ९२ मध्ये गेली. विचारला तर २१.

२०१३ साली श्रम-संख्याशास्त्रज्ञांच्या १९ व्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 'काम' आणि 'रोजगार' अधिकृतपणे वेगळे केले. घरकाम, संगोपन हे आता व्याख्येनुसार काम आहे. रोजगार मात्र पैशासाठी किंवा नफ्यासाठी केलेलंच काम. गंमत अशी की त्यामुळे केवळ घरी खाण्यापुरतं पिकवणारा शेतकरी रोजगाराच्या बाहेर पडला, आणि इस्कोच्या यादीत मात्र अशा शेतकऱ्यांसाठी ६३ हा उपगट अजून शाबूत आहे.

---

मेघवेडी

म्हणजे 'काम करते' हे मान्य करायला २०१३ उजाडावं लागलं. ठीक. पुढे चालू द्या.

---

रानजाई

मी लहान मुलांसोबत काम करते, त्यामुळे मला वेगळाच काटा रुततो. या 'कौशल्य-पातळ्या' ठरवतं कोण? गट ९ ला 'प्राथमिक कामं' म्हणायचं आणि त्याला पातळी १ द्यायची. बसून केलेलं काम वर, वाकून केलेलं खाली. मोजमापाच्या नावाखाली जुनी उतरंडच पुन्हा छापलीय असं वाटतं.

---

कोष्टक

पातळी ठरवताना कामाचं स्वरूप, त्याला लागणारं औपचारिक शिक्षण आणि कामावर लागणारं प्रशिक्षण बघतात. पातळी ४ ला साधारण पदवी, पातळी १ ला फार तर प्राथमिक शिक्षण. कागदावर हे तटस्थ आहे.

---

जुनं_खोड

कागदावर सगळंच तटस्थ असतं हो. रानजाई यांच्या बाजूने एक जुना पुरावा देतो.

अमेरिकेच्या कामगार खात्याचा व्यवसायकोश होता. पहिली आवृत्ती १९३९ ची, शेवटची सुधारणा १९९१ ची, मग त्याची जागा ओ-नेट या माहितीसाठ्याने घेतली. १९६५ च्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक व्यवसायाच्या संकेतांकात तीन अंक असे होते की माहितीशी, माणसांशी आणि वस्तूंशी तुमचा संबंध किती गुंतागुंतीचा आहे ते सांगत. आकडा लहान तितकं काम अवघड. त्यात बालवाडीच्या शिक्षिकेला आणि अनाथ मुलं घरी सांभाळणाऱ्या बाईला मिळाले ८७८. म्हणजे माहितीशी उल्लेखनीय संबंध नाही, वस्तूंशी नाही, आणि माणसांची फक्त 'सेवा'. त्याच कोशात कुत्र्यांना शिकवणाऱ्याचं काम याहून कितीतरी गुंतागुंतीचं ठरलं होतं.

पोरांना शिकवण्यापेक्षा कुत्र्याला शिकवणं अवघड! बायकांच्या संघटनांनी आणि संशोधकांनी सत्तरच्या दशकात यावर रान उठवलं, आणि १९७७ च्या चौथ्या आवृत्तीत बरेच आकडे बदलले. त्या मधल्या बारा वर्षांत बालवाड्यांतलं काम काही बदललं नव्हतं.

---

रानजाई

हे माहीत नव्हतं. उद्या कामावर सांगते सगळ्यांना.

---

कोष्टक

जुनं_खोड यांचं उदाहरण अगदी वर्मावर आहे. त्याला एक पुरवणी. पातळी हा एक भाग, पण बारकाई किती, हा दुसरा. सध्याच्या इस्कोत गट ७, म्हणजे कारागीर, ६६ एककांत फोडलाय. गट ४, म्हणजे कारकुनी काम, फक्त २९ मध्ये. लोहार, वेल्डर, पत्राकाम करणारा, साचेकाम करणारा असे सगळे वेगवेगळे दिसतात. टेबलामागच्या बायका बऱ्याच जाडसर गाळणीतून जातात. पुरुषांचे कारखानदारी व्यवसाय वर्गीकरण करणाऱ्यांना आतून माहीत होते, म्हणून तिथे भिंग जास्त खाली गेलं. २००८ मध्ये हे थोडं सुधारलं, पण वारसा राहिला.

तरीही मी पातळ्या फेकून द्या म्हणणार नाही. त्या काढल्या तर टॅक्सी चालवणारा अभियंता आपल्याला दिसणारच नाही. भांडण त्या पातळ्यांत कोण कुठे बसतं याचं असावं.

---

तिरकस

असं भांडण कुणी सरकारशी खरंच करतं का? की लोकांना पत्ताच नसतो?

---

खिडकी_क्र_७

करतात, आणि चांगलं करतात. अमेरिकेत ९११ ला फोन केल्यावर जे बोलतात ते कर्मचारी बघा. त्यांच्या व्यवसाय-वर्गीकरणात (एसओसी) हे लोक 'कार्यालयीन आणि प्रशासकीय सहाय्य' या मोठ्या गटात आहेत. त्यांचं म्हणणं असं की फोनवरून आम्ही श्वास कसा द्यायचा ते सांगतो, समोरचा माणूस मरताना ऐकतो, आम्हाला पोलीस-अग्निशमनाच्या 'संरक्षक सेवा' गटात घ्या. २०१८ च्या आवृत्तीत नाव बदलून दिलं, 'सार्वजनिक सुरक्षा दूरसंवादक' असं भारदस्त. गट मात्र तोच. मग २०१९ मध्ये गट बदलण्यासाठी थेट काँग्रेसमध्ये विधेयक आणलं गेलं.

वर्गीकरण सांख्यिकीसाठी आहे, त्यावरून पगार ठरवू नका, असं सरकार म्हणतं. पण एकदा 'कारकुनी' हा शिक्का सरकारी तक्त्यात छापला की पगार ठरवताना, मानसिक आघाताची भरपाई मागताना कुणीतरी तोच तक्ता पुढे करतं.

---

परदेशस्थ

आणि व्हिसा! कॅनडाच्या एनओसीवर (त्यांचं राष्ट्रीय व्यवसाय-वर्गीकरण) लाखो लोकांची झोप उडालेली असते. २०१६ पर्यंतच्या आवृत्तीत कौशल्य-पातळी ए, बी, सी, डी अशी होती. २०२१ च्या आवृत्तीत ती मोडून शिक्षण, प्रशिक्षण, अनुभव आणि जबाबदारी यांवर ० ते ५ अशा पायऱ्या केल्या. स्थलांतर खात्याने ती नोव्हेंबर २०२२ पासून लागू केली आणि त्याच दिवशी लांब पल्ल्याचे ट्रकचालक आणि परिचर्या-सहाय्यक एक्स्प्रेस एंट्रीला (कायम वास्तव्यासाठीच्या अर्जांची योजना) पात्र झाले. आदल्या दिवशी नव्हते.

पाट्यांवर जाऊ नका, हे सगळ्यांना सांगतो. नियुक्तिपत्रात 'मॅनेजर' असलं तरी अधिकारी बघतो ती अनुभवपत्रातली कामांची यादी. ती त्या संकेतांकाच्या वर्णनाशी जुळली नाही तर अर्ज परत. आणि वर्णन शब्दशः उतरवून काढलं तर तेही त्यांना कळतं.

---

अनुस्वार

मॅनेजरवरून आठवलं, कोष्टकराव, तुमचं ते धाडकन कमी झालेल्या व्यवस्थापकांचं राहिलंच.

---

कोष्टक

हो, तेच.

१९८८ च्या इस्कोत गट १ मध्ये १३ हा उपगट होता: छोट्या उद्योगांचे सर्वसाधारण व्यवस्थापक. कल्पना अशी की छोटा उद्योग एकहाती चालवणारा म्हणजेही व्यवस्थापक. आता छोटं म्हणजे किती छोटं? एकट्याने दुकान चालवणारा माणूस माल मागवतो, हिशेब ठेवतो, भाव ठरवतो. काही देशांनी त्याला सरळ १३ मध्ये घातलं, काहींनी विक्रेत्यांत. मग दोन देशांची तुलना करणारे विद्वान 'अमुक देशात व्यवस्थापनाचा वर्ग किती मोठा' यावर निबंध लिहीत बसले. तो वर्ग गल्ल्यावर बसून सुटे पैसे मोजत होता.

२००८ मध्ये दुकानदारांसाठी ५२२१ हे वेगळं घर बांधलं, विक्री-सेवेच्या गटात. मोठ्या दुकानांचे खरे व्यवस्थापक १४२० मध्ये राहिले. युरोपीय संघाच्या श्रमशक्ती पाहणीने २०११ पासून नवी आवृत्ती वापरायला सुरुवात केली आणि काही देशांच्या आलेखात व्यवस्थापकांची रेघ कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली आली. भारताचं २००४ चं एनसीओ (आपलं राष्ट्रीय व्यवसाय-वर्गीकरण) १९८८ च्या साच्यावर आणि २०१५ चं २००८ च्या साच्यावर, त्यामुळे तिथेही जुन्या-नव्या वर्षांची गट १ ची तुलना करताना हात आखडता घ्या.

उलट दिशेचं उदाहरण प्राथमिक शिक्षकांचं. १९८८ मध्ये त्यांना दोन जागा होत्या, पदवी लागणाऱ्या देशांसाठी गट २ आणि न लागणाऱ्यांसाठी गट ३. २००८ मध्ये सगळे गट २ मध्ये, २३४१. परिचारिकांचे मात्र दोन भाग तसेच ठेवले, २२२१ आणि ३२२१. हा भेद मला अजून पटलेला नाही. शिक्षकांना जो न्याय लावला तो परिचारिकांना का नाही?

---

जुनं_खोड

एनसीओचा विषय निघालाच आहे तर: १९४६, १९५८, १९६८ आणि मग थेट २००४. छत्तीस वर्षं! या काळात संगणक आला, टाइपरायटर गेला, तरी यादी १९६८ ची. सेवायोजन कार्यालयांत नाव नोंदवतानाही हेच संकेतांक लागत, म्हणून तर एनसीओ चार अंकांवर न थांबता २०१५ मध्ये आठ अंकांपर्यंत गेलं. आकडेवारीला तीन अंक पुरतात; नोकरी आणि माणूस जुळवायला इतकी बारकाई लागते.

---

तिरकस

आणि आजचे डिलिव्हरीवाले? ते अॅपवाले तर त्यांना 'पार्टनर' म्हणतात. पार्टनरला कोणता गट, भांडवलदारांचा?

---

कोष्टक

अॅप हा व्यवसाय नाही. दुचाकीवरून माल पोचवत असेल तर ८३२१, मोटारसायकल चालक. पायी पार्सलं वाटत असेल तर ९६२१. सायकलवर असेल तर ९३३१. व्यवसायाच्या बाजूने यात नवं काहीच नाही.

नवं आहे ते तिसऱ्या प्रश्नात, दर्जाच्या. तो नोकर की स्वयंरोजगारी? दर अॅप ठरवतं, काम अॅप वाटतं, तोटा मात्र त्याचा. २०१८ च्या २० व्या परिषदेने यासाठी 'परावलंबी कंत्राटदार' असा वेगळा वर्ग केला. पाहणीत तो ओळखण्यासाठी 'तुमचे दर कोण ठरवतं' अशा धाटणीचे प्रश्न विचारावे लागतात. 'तुम्ही पार्टनर आहात का' असं विचारून भागत नाही.

---

खिडकी_क्र_७

हे सगळं आता यंत्राला देऊन टाकता येणार नाही का? मजकूर वाचून संकेतांक लावणं हे तर त्याचंच काम.

---

कोष्टक

दिलंयच. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाने कामावरच्या दुखापतींच्या पाहणीत २०१४ च्या आकडेवारीपासून यंत्राकडून संकेतांक लावायला सुरुवात केली. नेहमीच्या उत्तरांत यंत्र माणसापेक्षा सातत्याने वागतं. सकाळी एक आणि संध्याकाळी थकल्यावर दुसरं, असं त्याचं होत नाही. पण ते शिकतं आम्ही पूर्वी लावलेल्या संकेतांकांवरून. आमच्या सवयी त्यात उतरतात. आणि 'शिवणकाम, शिवणकाम' असं दोनदा लिहिलेल्या अर्जापुढे तेही आमच्याइतकंच हतबल. फरक इतकाच की आम्ही अर्ज परत पाठवतो. यंत्राला 'खात्री कमी असेल तर माणसाकडे दे' हे आधी शिकवून ठेवावं लागतं.

---

अनुस्वार

शेवटची शंका. शाळेच्या बसचा चालक. शिक्षणात की वाहतुकीत?

---

कोष्टक

व्यवसाय ८३३१, बस आणि ट्राम चालक. यात वाद नाही. उद्योग कोणता ते त्याला पगार कोण देतं त्यावर. शाळेने नोकरीवर ठेवला असेल तर शिक्षण. शाळेने कंत्राट दिलेल्या वाहतूक कंपनीकडे असेल तर वाहतूक. बस तीच, रस्ता तोच, पोरंही तीच.

हेच कारखान्याच्या सफाई कामगारांचं आणि पहारेकऱ्यांचं. कारखान्याने त्यांना ठेकेदाराकडे सोपवलं की उद्योगाच्या तक्त्यात कारखानदारीतले रोजगार घटतात आणि सेवाक्षेत्रातले वाढतात. व्यवसायाच्या तक्त्यात एक माणूस इकडचा तिकडे होत नाही. 'सेवाक्षेत्राची झेप' अशी बातमी दिसली तर मी आधी व्यवसायाचा तक्ता उघडतो आणि पहारेकरी (५४१४) किती वाढलेत ते बघतो.

---

अनुस्वार

मग उद्योगांच्या वर्गीकरणावर पुढचा धागा काढाच. तिथे ठेकेदारांवर भांडू.